गोळी सुरू करायची ती अंगात बळ असतानाच

या पानावर तुम्ही भाताच्या वाणांविषयी, खताच्या दरांविषयी, पीक विम्याच्या तारखांविषयी वाचता. आजचा विषय वेगळा आहे. एचआयव्हीचा आहे. कृपया पान उलटू नका. "आपल्या गावात तसलं काही नाय," असे म्हणून आपण पुष्कळांनी हा विषय वर्षानुवर्षे बाजूला सारला, आणि ज्या घरात तो होता त्या घराला तो एकट्याने सोसावा लागला.

सुरुवात खारीपासून करू. भाईंदर पूर्वेचे हे जुने गाव. नावातच खार आहे. जवळ वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरे, मधून भाताची खाचरे, असा हा सगळा पट्टा होता. 1985 साली इकडच्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, 2002 साली महानगरपालिका झाली, आणि आता खारीत भाताचे शेत शोधावे लागते. पण ज्यांनी खारजमीन कसली आहे त्या जुन्या माणसांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. बांधाला खेकड्याने बीळ पाडले की ते लगेच चिखलाने बुजवायचे. त्या वेळी शेत हिरवेगार असते, पाणी कुठे दिसत नाही, म्हणून माणूस आळस करतो. मग उधाणाची भरती येते, बांधाला खांड पडते, खारे पाणी आत शिरते, आणि तो खार धुऊन निघायला पावसाळ्यामागून पावसाळे जातात.

एचआयव्हीच्या उपचाराबाबत मला जे सांगायचे आहे ते एवढ्यात आले. तरीही पुढे वाचा, कारण या बाबतीत सरकारी दवाखान्यातूनच एके काळी वेगळा सल्ला मिळत होता, आणि तो जुना सल्ला डोक्यात ठेवून बसलेली माणसे आजही खेड्यापाड्यांत आहेत.

शरीरात काय घडते

एचआयव्ही हा विषाणू रक्तातल्या सीडी-4 नावाच्या पेशींत शिरतो. रोगाशी लढणाऱ्या फौजेला हुकूम देणाऱ्या या पेशी. धडधाकट माणसाच्या रक्तात त्या एका घन मिलिमीटरला साधारण 500 ते 1500 असतात. विषाणू त्यांच्यातच वाढतो आणि त्यांनाच मारतो. नव्या पेशी तयार होतात, त्याही मरतात. हे आठ-आठ, दहा-दहा वर्षे चालू शकते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. माणूस नांगर धरतो, गाडी हाकतो, लग्नात नाचतो. पेशी 200 च्या खाली आल्या की मग क्षयरोग, तोंडात पांढरा थर, न थांबणारे जुलाब, उतरत जाणारे वजन सुरू होते. या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. एचआयव्ही असणे आणि एड्स होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधली सारी वर्षे आपल्या हातात असतात.

भातावरचा खोडकिडा तुम्ही पाहिला आहे. पळींज पडून पांढरी लोंबी वर आली, की त्या लोंबीत दाणा भरायचा नसतो. मग फवारणी करून त्या लोंबीचा उपयोग नाही. एचआयव्हीत मात्र इतके वाईट नाही, हे मुद्दाम सांगतो. पेशी 50 वर आलेली माणसेही गोळ्यांनी उभी राहिली आहेत. पण त्यांना वाट खडतर पडते, आणि सगळीच उभी राहत नाहीत.

जुना सल्ला कुठून आला

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 साली चेन्नईत झाली, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखाली झालेल्या तपासण्यांतून. त्यानंतरची दहा वर्षे डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते. भिंतीभिंतीवर कवटी रंगवून एड्स म्हणजे मरण असे लिहिलेले तुम्हालाही आठवत असेल. भीती घातली की लोक सावध होतील असा तो हिशेब होता. लोक सावध कमी झाले आणि लपले जास्त, असे माझे मत आहे. आणि ती कवटी अजून पुष्कळांच्या मनातून गेलेली नाही.

1996 च्या सुमारास तीन औषधे एकत्र दिली की विषाणू दबतो हे सिद्ध झाले. पण एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा-बारा हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे साडेतीन-चार लाख रुपये! दोन एकर जमीन विकूनही दोन वर्षे निघाली नसती. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी ही तीन औषधे वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देण्याची तयारी जाहीर केली आणि जगभरचे भाव कोसळले. 1 एप्रिल 2004 पासून आपल्या सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

औषध मोफत, पण पुरवठा थोडका आणि गोळ्यांचे त्रासही जास्त. म्हणून नियम असा, की पेशी 200 च्या खाली गेल्या तरच औषध. पुढे ती रेषा 350 वर आणली, मग 500 वर. तोवर दवाखान्यातून सांगणे असे: "तुमच्या पेशी अजून चांगल्या आहेत, सहा महिन्यांनी या." ऐकणारा काय समजणार? आपल्याला काही झालेले नाही असेच ना? तो घरी जायचा, लावणी-कापणीत गुंतायचा. सहा महिन्यांची दोन वर्षे व्हायची. पुन्हा केंद्रावर यायचा तो दोघांच्या खांद्यावर. कित्येक आलेच नाहीत.

पुण्यातल्या जोडप्यांनी दिलेला पुरावा

हा नियम बदलला त्यामागे आपल्या महाराष्ट्रातली माणसे आहेत, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. पुण्याजवळ भोसरीला 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. 'नारी' या नावाने ती ओळखली जाई. नऊ देशांत मिळून एक मोठी चाचणी घेण्यात आली, आणि भारतात ती पुण्यात व चेन्नईत झाली. नवरा-बायकोंपैकी एकाला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला नाही, अशी 1763 जोडपी तीत होती. निम्म्यांच्या जोडीदाराला पेशी चांगल्या असतानाच औषध सुरू केले, आणि निम्म्यांना त्या काळच्या रीतीप्रमाणे पेशी उतरेपर्यंत थांबवले. निरोध, समुपदेशन, तपासण्या सगळ्यांना सारख्याच.

2011 साली निकाल पाहिला तेव्हा एका जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याच्या 28 घटना आढळल्या. त्यांतल्या 27 थांबवलेल्या गटात. लवकर औषध घेतलेल्या गटात एक. देखरेख समितीने निकाल जाहीर करायला लावला आणि थांबवलेल्या गटालाही औषध देऊ करण्यात आले.

म्हणजे लवकर घेतलेली गोळी घेणाऱ्याला वाचवतेच, शेजारी झोपणाऱ्यालाही वाचवते. त्या जोडप्यांची नावे कुठे छापलेली नाहीत आणि छापूही नयेत. पण आपले दुखणे घेऊन महिन्यामागून महिने तपासणीला येत राहिलेल्या त्या बायाबापड्यांचे उपकार जगभरच्या संसारांवर आहेत.

पुढे 2015 साली 35 देशांतल्या 4685 लोकांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीने उरली शंकाही मिटवली. यांच्या पेशी 500 च्या वर होत्या, म्हणजे जुन्या भाषेत 'अजून चांगल्या'. लगेच औषध घेतलेल्या गटात गंभीर आजार किंवा मृत्यूच्या 42 घटना, थांबलेल्या गटात 96. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, चाचणी पॉझिटिव्ह आली की औषध. भारत सरकारने 2017 साली हाच नियम केला. आता पेशी किती आहेत हे पाहतात, पण त्यासाठी औषध अडवत नाहीत.

तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कोणाला, किंवा कोणाच्या ओळखीतल्या माणसाला, 2017 च्या आधी "अजून वेळ आहे" म्हणून परत पाठवले असेल, तर तो निरोप रद्द झाला आहे असे समजा. उद्याच केंद्रावर जा. जुना कागद नसला तरी चालेल, चाचणी पुन्हा करतात.

गोळी एक, रोज एक

आज बहुतेकांना तीन औषधे मिळून बनलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. तयारी असेल तर चाचणी झाल्या दिवशीच किंवा आठवड्याच्या आत ती सुरू करतात. क्षयरोग आढळला तर आधी त्याचे औषध, आणि साधारण दोन आठवड्यांत ही गोळी. क्षय नसला तरी तो होऊ नये म्हणून गोळ्यांचा एक वेगळा कोर्स देतात. तो टाळू नका, कारण एचआयव्ही असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त मारतो तो क्षयच.

पहिले काही दिवस डोके दुखणे, मळमळ, झोप नीट न लागणे असे होऊ शकते. बहुतेकांचे आपोआप जाते. नाही गेले तर केंद्रावर सांगा, गोळी बदलून मिळते. आपल्या मनाने बंद करू नका. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा आंबटपित्तावरच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्यांनी या औषधाचे बळ कमी होते, म्हणून वेळा मागेपुढे कराव्या लागतात. आपल्याकडे गरोदर बाईला लोहाची गोळी देतातच, आणि हे सांगायचे राहून जाते.

रोज गोळी घेतली तर साधारण सहा महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की यंत्रालाही सापडत नाही. त्याची तपासणी, जिला व्हायरल लोड म्हणतात, केंद्रावर मोफत होते. विषाणू असा सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे आता पक्के ठरलेले आहे. अशा जोडप्यांना मुलेही होतात. आईला वेळेवर औषध मिळाले नाही तर बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पंधरा ते पंचेचाळीस इतका असतो. आई गरोदरपणापासून, किंवा त्याच्याही आधीपासून, औषधावर असेल तर तो शंभरात पाचाच्याही खाली येतो. उपकेंद्रात नर्सबाई गरोदर बाईचे रक्त एचआयव्हीसाठी घेतात ते यासाठी. सासूबाईंनी त्यात संशय धरू नये!

विषाणू सापडत नाही म्हणजे तो गेला असे मात्र नव्हे. तो शरीरात दडून राहतो. गोळी थांबवली की काही आठवड्यांत परत डोके काढतो. चार दिवस घेतली, चार दिवस सोडली असे केले, तर तो त्या औषधाला सरावतो आणि मग तीच गोळी लागू पडत नाही. पुढच्या पायरीची औषधे सरकार देते, पण पायऱ्या मोजक्याच आहेत. एखादा भगत, वैदू किंवा 'शर्तिया इलाज'वाला गोळ्या बंद करायला सांगत असेल तर त्याला दारातूनच वाटेला लावा. झाडपाल्याने एचआयव्ही गेलेला माणूस अजून कोणी दाखवलेला नाही.

लावणीच्या दिवसांत

आता खारीकडे परत येतो, कारण तुमच्या गावाचा आणि खारीचा संबंध इथे आहे. समजा, तुमचा धाकटा भाऊ मुरबाडहून किंवा वाड्याहून भाईंदरला गेला. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला लागला, खारीत चौघांत मिळून भाड्याने खोली घेतली. तिथे त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि गोळ्या सुरू झाल्या. खोलीवरच्या पोरांना ठाऊक नाही, गावी तर नाहीच नाही. जून संपता-संपता तुमचा निरोप जातो, "पाऊस लागलाय, लावणीला ये." तो आठ दिवसांच्या बोलीने येतो आणि पाऊस लांबला म्हणून महिनाभर राहतो. गोळ्या आठव्या दिवशी संपतात. केंद्र भाईंदरकडे. "जाऊन येतो" म्हणावे तर कारण काय सांगायचे? तो गप्प राहतो. असेच पुन्हा कापणीला.

यात त्या भावाची चूक थोडी आहे. सोय आहे, ती त्याला कोणी सांगितलेली नसते. तब्येत स्थिर असलेल्याला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. गावी जाण्याआधी तसे सांगायला हवे. केंद्रावरून मिळालेली हिरवी पुस्तिका जवळ असली, तर महाराष्ट्रातल्याच काय, देशातल्या दुसऱ्या एआरटी केंद्रावरही अडचणीपुरत्या गोळ्या मागता येतात. कायमचे गावी यायचे असेल तर नाव बदलून घेता येते. अनेक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत छोटी जोडकेंद्रे आहेत. चौकशी तिथल्या समुपदेशकाकडे करावी. बाहेर बाकावर बसलेल्या ओळखीच्या माणसाकडे करू नये.

आणि तुम्ही घरचे? तुम्हाला कळलेच, तर त्याचे ताट-तांब्या वेगळा काढू नका. एका ताटात जेवून, एका विहिरीचे पाणी पिऊन, डास चावून, त्याच्या हाताने लावलेल्या आवणातून काही येत नाही. रक्त, शरीरसंबंध, दूषित सुई आणि आईकडून मूल, एवढ्याच वाटा आहेत.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील यांच्यासाठी

देशात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. तेव्हा तुमच्या पंचक्रोशीत कोणी नाही असे धरून चालू नका. कोण आहे हे शोधायलाही जाऊ नका! 2017 चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय कोणाची चाचणी करता येत नाही, कोणाचा अहवाल चव्हाट्यावर आणता येत नाही. नोकरी, शाळा, भाड्याची खोली, दवाखाना, सार्वजनिक पाणवठा यांपासून कोणाला या कारणाने दूर ठेवता येत नाही. अशा लोकांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षे कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कायदा नव्हता तेव्हाही, 1997 साली, मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या प्रकरणात सांगितले होते की काम करायला समर्थ असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारता येणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सबाधितांचा समावेश आहे. पण अर्ज कुठून जातो? तलाठी कार्यालयातून, दहा माणसे उभी असताना. "काय आजार आहे?" असे मोठ्याने विचारले की पुढच्या अर्जदाराने पायरीही चढू नये अशी व्यवस्था झालीच. दार लोटून घ्या, कागद पालथा ठेवा, एवढ्याने भागते. आशाताई गोळ्या घेऊन एखाद्या घरी वारंवार जाऊ लागल्या तरी गावात कुजबुज होते, हेही ध्यानात ठेवा.

लातूर जिल्ह्यातले हासेगाव तुम्ही ऐकले असेल. रवी बापटले यांनी 2007 साली तिथे एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी 'सेवालय' सुरू केले. गावच्या शाळेत या मुलांना घेण्याला सुरुवातीला मोठा विरोध झाला. आमच्या लेकरांना लागेल, ही भीती होती. गावकरी दुष्ट होते असे मी म्हणणार नाही; त्यांनीही तीच कवटी पाहिलेली होती. पण ती मुले गोळ्या घेत वाढली, मोठी झाली, त्यांतल्या काहींची लग्नेही सेवालयात लागली. जी लेकरे फार दिवस काढायची नाहीत असे लोक म्हणत होते, त्यांच्या अक्षता पडल्या.

चाचणीसाठी ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्रात जा. पैसे पडत नाहीत. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांतही पहिली चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी पुढे पाठवतात, तेव्हा त्या एका चाचणीवरून घाबरून घरी बसू नका. शंका येण्यासारखे काही नुकतेच घडले असेल आणि चाचणी निगेटिव्ह आली, तरी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या, कारण सुरुवातीच्या दिवसांत ती फसवू शकते. केंद्रापर्यंत जायला एसटीच्या साध्या बसमध्ये सवलत आहे. तिच्या प्रमाणपत्राची चौकशी एआरटी केंद्रावरच करावी. कोणालाही नाव न सांगता नुसते विचारायचे असेल तर 1097 हा क्रमांक मोफत आहे. मराठीत बोलता येते, आणि घरातून लावायचा नसेल तर बांधावर जाऊन लावा.